पंप चालतो, पण दूध कमी येतं?

कामावर परतलेल्या आईला पंपातून दूध कमी मिळू लागलं की घरचे 'दूध आटलं' म्हणून मोकळे होतात आणि ती बिचारी स्वतःला दोष देते. पुष्कळदा मात्र मोटर ठणठणीत असते. झिजलेली असते ती सिलिकॉनची चिमुकली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह. पंप ओढ घेतो तेव्हा तिच्या टोकाची चीर घट्ट मिटायला हवी, ओढ सुटली की उघडून दूध बाटलीत पडायला हवं. रोजच्या वापराने, उकळण्याने सिलिकॉन सैल पडतं. न दाबताच चीर उघडी दिसली, कड फाटली किंवा तेवढ्याच दुधाला जास्त वेळ लागू लागला, तर झडप बदला. दिवसातून अनेकदा पंप लावणारीला ती 1-2 महिन्यांतही बदलावी लागते. नेमकी मुदत आपल्या पंपाच्या पुस्तिकेत पाहा. साफ करताना चिरेत ब्रश किंवा नख घालू नका.

स्तनावर लावायच्या फनेलला तडा गेला तर फनेलच टाकून द्या. पंपाच्या नळीत बुरशी दिसली, तर धुवत बसू नका, लगेच नवी लावा.

सुटे भाग बदलूनही फरक पडला नाही, तर स्तनपान सल्लागाराला जरूर भेटा. आणि आपल्या मॉडेलची झडपांची एक जास्तीची जोडी आजच घरात आणून ठेवा.