गंगाकाठचे विमान
स्वदेशी प्रादेशिक जेटच्या दीर्घ प्रतीक्षेची कहाणी

काशीच्या घाटांमध्ये दशाश्वमेध घाटाशी मराठी माणसाचे नाते विशेष जिव्हाळ्याचे आहे. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध यज्ञ केले, अशी या नावामागची आख्यायिका. दगडी घाटाचा इतिहास मात्र अठराव्या शतकातला. नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये तो बांधून घेतला आणि १७७४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्बांधणी केली. एका पिढीने उभारलेले काम पुढच्या पिढीने आपले मानले, म्हणूनच आज तेथे संध्याकाळच्या गंगा आरतीला हजारो भाविक निर्धास्तपणे बसू शकतात.

पेशवेकाळात दख्खनेतून काशीयात्रेला निघणारा माणूस घरची निरवानिरव करूनच बाहेर पडे. वाटेत महिनेच्या महिने जात आणि परतण्याची शाश्वती नसे. आगगाडीने या महिन्यांचे दिवस केले, विमानाने दिवसांचे तास केले. परंतु हे तास सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. नांदेडहून वाराणसी सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर आहे. जेट विमानाला हे अंतर कापण्यास दीड तास पुरेसा आहे. तरीही अशा मध्यम शहरांतील प्रवाशाला बहुधा आधी हैदराबाद, मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा वाट पाहण्यातच त्याचा अधिक वेळ खर्ची पडतो.

मधली पायरी

याचे कारण विमानतळाइतकेच विमानाच्या आकारातही दडलेले आहे. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या विमानांत साधारण १८० आसने असतात. मध्यम शहरातून ती रोज भरतीलच असे नाही आणि रिकाम्या आसनाचे भाडे कोणीच देत नाही. दुसरीकडे, पंख्यावर चालणारी ७० ते ७८ आसनी एटीआर विमाने आहेत. त्यांना इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टीही चालते. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतील विमानसेवा सुरू झाली, ती मुख्यतः अशा विमानांच्या बळावर. अमरावती विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, तीही याच जातीच्या विमानाने. मात्र त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असल्याने पाच-सहाशे किलोमीटरपलीकडे त्यांचा लाभ घटू लागतो.

या दोहोंमधली पायरी म्हणजे ७० ते १०० आसनांचे प्रादेशिक जेट. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाने जानेवारी २०१९ मध्ये ‘स्टार एअर’ सुरू केली आणि अशी जेट विमाने लहान शहरांकडे वळवली. प्रथम ५० आसनी, नंतर ७६ आसनी. ही दोन्ही विमाने ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची आहेत. प्रश्न येथेच उभा राहतो : ब्राझील जे करू शकला, ते भारताला का जमले नाही?

कानपूरचे अ‍ॅव्रो

दशाश्वमेध घाटाला स्पर्श करणारी गंगा त्याआधी कानपूरवरून वाहत येते. तेथे चकेरीच्या हवाई दल तळावर १९६० मध्ये विमानबांधणीचा कारखाना सुरू झाला. ब्रिटिश कंपनी अ‍ॅव्रोच्या ७४८ या प्रवासी विमानाची परवान्याखाली बांधणी करणे हे त्याचे काम. एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली, जुन्या हँगरमध्येच कामाला आरंभ झाला आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी येथे जोडलेले पहिले विमान आकाशात झेपावले. पुढे ही जबाबदारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे, म्हणजेच एचएएलकडे आली. एचएएलने एकूण ८९ विमाने बांधली. त्यांपैकी १७ इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात दाखल झाली, उर्वरित हवाई दलाकडे गेली.

येथे एक तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. एम्ब्रेअरची स्थापना १९६९ मध्ये झाली. म्हणजे ब्राझीलची कंपनी जन्माला येण्यापूर्वी आठ वर्षे कानपूरचे विमान उडत होते! एम्ब्रेअरने प्रथम सुमारे वीस आसनांचे विमान केले, त्यानंतर तीस आसनांचे, १९९५ मध्ये ५० आसनी जेट आणि २००२ मध्ये सत्तर आसनांपुढील जेटची मालिका. प्रत्येक विमानाने पुढच्या विमानाला कारागीर, अनुभव आणि ग्राहक मिळवून दिले.

कानपुरात ही शृंखला तुटली. अ‍ॅव्रोची निर्मिती १९८८ मध्ये संपली आणि तिच्या जागी तेवढ्या आकाराचे दुसरे प्रवासी विमान आले नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला त्याचे कारण सहज उमगेल. सत्तावीस वर्षांत ८९ विमाने म्हणजे वर्षाला सरासरी तीन-चार. साचे, यंत्रे आणि कुशल मनुष्यबळ यांचा स्थिर खर्च एवढ्या थोड्या नगांवर विभागला, तर प्रत्येक विमान महागच पडणार. शिवाय आराखडा परका असल्याने त्यात सुधारणा करून पुढचे विमान घडवण्याची संधीही मर्यादित होती. कानपूरच्या कारखान्याने पुढे १९ आसनी डॉर्नियर २२८ बांधले. त्याच्या भारतात तयार झालेल्या विमानाने एप्रिल २०२२ मध्ये आसाममधील दिब्रुगढ ते अरुणाचल प्रदेशातील पासीघाट अशी व्यापारी सेवा सुरू केली. हे यश स्वागतार्ह, परंतु अ‍ॅव्रोच्या तुलनेत ते लहान विमान आहे.

बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘सारस’ हे स्वतःच्या आराखड्याचे विमान साकारले. २९ मे २००४ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. ६ मार्च २००९ रोजी मात्र त्याचा दुसरा नमुना चाचणीदरम्यान कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी हुतात्मा झाले. प्रकल्प कित्येक वर्षे थंडावला. सुधारित ‘सारस’ पुन्हा आकाशात दिसले ते जानेवारी २०१८ मध्ये.

जगाचा अनुभव

नव्या जेटची वाट इतरांनाही सोपी गेलेली नाही. चीनने २००२ मध्ये आपल्या प्रादेशिक जेटचे काम हाती घेतले. त्याचे पहिले उड्डाण २००८ मध्ये झाले आणि प्रवाशांना घेऊन ते निघाले २०१६ मध्ये. जपानच्या मित्सुबिशीने २००८ मध्ये प्रकल्प जाहीर केला, २०१५ मध्ये विमान उडवले आणि सुमारे एक लाख कोटी येन खर्चून फेब्रुवारी २०२३ मध्ये तो कायमचा बंद केला. विमान उडणे आणि विमान प्रमाणित होणे यांत महदंतर आहे, हा त्यातील धडा. प्रत्येक तारेपासून प्रत्येक आज्ञावलीपर्यंत सर्व काही सुरक्षित असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. तेथेच वर्षे आणि भांडवल दोन्ही आटतात.

नवा करार, जुने प्रश्न

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी मॉस्को येथे एचएएल आणि रशियाची युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन यांच्यात सामंजस्य करार झाला. सुमारे शंभर आसनांचे एसजे-१०० हे जेट देशांतर्गत ग्राहकांसाठी भारतात बांधण्याचा अधिकार त्याद्वारे एचएएलला मिळणार आहे. प्रादेशिक सेवेसाठी पुढील दहा वर्षांत देशाला अशी २०० हून अधिक विमाने लागतील, असा एचएएलचा अंदाज आहे. अ‍ॅव्रोनंतर संपूर्ण प्रवासी विमान भारतात तयार होण्याचा हा पहिलाच प्रसंग ठरेल, असेही तिने नमूद केले.

आनंदाबरोबर सावधगिरीही हवी. या जेटची मूळ आवृत्ती २०११ पासून प्रवासी सेवेत आहे. तिचे इंजिन फ्रान्स व रशिया यांनी मिळून बनवले होते. २०२२ नंतर पाश्चात्त्य निर्बंधांमुळे सुटे भाग मिळेनासे झाले. त्यामुळे रशियाने स्वतःचे पीडी-८ इंजिन आणि अन्य प्रणाली बसवण्याचा मार्ग धरला. या इंजिनांसह विमानाने मार्च २०२५ मध्ये प्रथमच उड्डाण केले. त्याआधीही मेक्सिकोच्या इंटरजेट कंपनीला सुट्या भागांअभावी आपली काही विमाने उभी ठेवावी लागली होती. जमिनीवर उभे राहिलेले विमान म्हणजे व्याज खाणारी मालमत्ता, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

अर्थसाहाय्याचा पाया मात्र आता भक्कम होत आहे. बहुतेक विमान कंपन्या विमाने भाडेपट्ट्याने घेतात. कंपनी बुडाल्यास विमान परत मिळेल की नाही, या भीतीने भाडे वाढते. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने विमानांवरील धनको व मालकांच्या हक्कांना संरक्षण देणारा कायदा मंजूर केला, तो यासाठीच. कौशल्याचीही वानवा नाही. पुण्याच्या भारत फोर्जने बोइंगसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवले, नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या तळाच्या तुळया तयार झाल्या, बेळगावच्या एकस कंपनीत एअरबसचे भाग घडतात. सुटे भाग बनवणारे हात आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती ते सर्व भाग आपल्या नावाच्या विमानात एकत्र आणण्याची आणि त्यानंतर थांबून न राहण्याची.

कोणत्याही करारावर स्वाक्षरी झाली म्हणजे विमान तयार होत नाही. मागणीची हमी, देखभालीची सोय, प्रमाणनासाठी लागणारा संयम आणि पहिल्या विमानाबरोबरच दुसऱ्याचाही विचार, या चार गोष्टी जुळल्या, तर नांदेड किंवा कोल्हापूरचा यात्रेकरू सकाळी घरून निघून त्याच संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती पाहू शकेल, तीही स्वदेशात बांधलेल्या विमानाने येऊन. त्या घाटाच्या पायऱ्या एका पिढीच्या नाहीत. विमान उद्योगही एका पिढीत उभा राहत नाही. मात्र एका पिढीने हात आखडता घेतला, तर तो मोडून पडतो. कानपूरच्या अ‍ॅव्रोने दिलेली ही शिकवण या वेळी विसरून चालणार नाही.