पूर्ण संख्या आणि उरलेला अंश

गणित म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ज्याला गुरे राखता येतात, त्याला पूर्ण संख्या येतात, असे आम्ही म्हणतो. रिठदसारख्या गावात सायंकाळी गोठ्यात परतलेली जनावरे कोणी साडेचार मोजीत नाही. ती चार असतात किंवा पाच. गोठा रिकामा असेल तर शून्य. शून्य, एक, दोन, तीन अशी जी न संपणारी मालिका, तिलाच पूर्ण संख्या म्हणतात. तिचे लक्षण असे की, कोणत्याही संख्येच्या लगतची पुढची संख्या नेमकी सांगता येते. चार आणि पाच यांच्यामध्ये दुसरी पूर्ण संख्या नाही.

गोठ्यातून शेतात गेलो की चित्र पालटते. एकराचे चाळीस गुंठे. शेत साडेचार एकर असू शकते, सव्वाचार एकर असू शकते, चार एकर एक गुंठाही असू शकते. चार आणि सव्वाचार यांच्या मध्ये आणखी भाग पाडता येतो, त्या भागाचेही भाग पाडता येतात. येथे चाराच्या लगतची संख्या कोणती, हे कोणालाच सांगता यावयाचे नाही. जे मोजावयाचे तेथे पूर्ण संख्या पुरते. जे मापावयाचे तेथे अपूर्णांक लागतो. देण्याघेण्यात ऋण संख्याही येतात, आणि त्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सांगून ठेविले आहेत.

आपल्या वाडवडिलांना अपूर्णांकाचे भय नव्हते. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत करवून घेत. औट म्हणजे साडेतीन. अडचण अपूर्णांकात नाही. अपूर्ण उत्तराला पुन्हा पूर्ण संख्येत बसवावे लागते, तेथे आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा हाच प्रसंग आला. सोळा आण्यांचे शंभर, म्हणून एका आण्याचे सव्वासहा. पण पाव पैशाचे नाणे कोठले? सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे ठरले. तीन आणे एकेक करून मोडणाऱ्याला अठरा मिळावयाचे, एकदम मोडणाऱ्याला एकोणीस!

पैशाची गोष्ट लहान वाटेल. पण जागांची गोष्ट लहान नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांच्या जागा 'एक तृतीयांशाहून कमी नाहीत' असे ठरविले. सात सदस्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन पूर्णांक एक तृतीयांश. दोन जागा ठेवल्या तर नियम मोडतो. म्हणून तीनच ठेवल्या पाहिजेत. (महाराष्ट्रात पुढे २०११ साली हे प्रमाण निम्मे झाले.) उलट, ४ मार्च २०२१ रोजी वाशिमसह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या राखीव जागा एकत्र धरून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सातांचे निम्मे साडेतीन. तेव्हा ही मर्यादा लावली की तीनावरच थांबावे लागेल. 'कमी नाही' हे शब्द उत्तराला वर ढकलतात, 'अधिक नाही' हे शब्द खाली ओढतात. अंश तोच असतो. त्याचे दान कोणाच्या पदरात पडावयाचे, हे शब्द ठरवितात.

म्हणून भागाकार करून थांबू नये. माणसे, जनावरे, नाणी, जागा यांची वाटणी असेल तेथे उरलेल्या अंशाचे काय करावयाचे, हे वाटणीपूर्वीच विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. पूर्ण संख्या तुटत नाही. मग नुकसान कोणा एकाला सोसावे लागते. ते कोणी सोसावे याचा निर्णय गणित देत नाही. तो आपणांसच द्यावा लागतो.