विश्लेषण : टायरवरचे ‘ते’ एक अक्षर काय सांगते? समृद्धीवर जाण्याआधी जरूर वाचा

लांबच्या प्रवासाला निघताना आपण पेट्रोल पाहतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते पाहतो, गाडीची कागदपत्रे पाहतो. टायरला फार तर पायाने ठोकून बघतो. पण गाडी किती वेगाने आणि किती वजन घेऊन धावू शकते, हे कंपनीने त्याच टायरवर छापलेले असते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी आणि कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. अशा रस्त्यावर निघण्याआधी ते वाचता यायला हवे.

स्पीड रेटिंग कुठे असते?

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, आकाराचा आकडा असतो. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. यात १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, ते ६५ हा आकडा सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे हा एक टायर ५६० किलो भार पेलतो. शेवटचे ‘एच’ हे स्पीड रेटिंग.

कोणत्या अक्षराचा वेग किती?

कारच्या टायरवर साधारणपणे दिसणारी अक्षरे आणि त्यांचा कमाल वेग (ताशी किमी) असा :

- क्यू : १६०
- आर : १७०
- एस : १८०
- टी : १९०
- एच : २१०
- व्ही : २४०
- डब्ल्यू : २७०
- वाय : ३००

इंग्रजी वर्णमालेत आधी येणारा ‘एच’ इथे ‘टी’ आणि ‘व्ही’च्या मध्ये कसा, असा प्रश्न पडेल. सुरुवातीला युरोपात एस, एच आणि व्ही असे तीनच गट होते. बाकीची अक्षरे नंतर आली, पण ‘एच’ची जागा तीच राहिली.

हे अक्षर ठरते कसे?

प्रयोगशाळेत टायर फिरत्या ड्रमवर दाबून धरतात आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. ठरलेला भार घेऊन, ठरलेल्या हवेच्या दाबावर टायरने तो वेग सोसला, तरच ते अक्षर मिळते. म्हणजे ही क्षमता ‘भार योग्य, हवा योग्य, टायर सुस्थितीत’ या अटींवरच खरी असते.

मर्यादा १२०, टायर १८०चा. मग टायर फुटतात का?

कारण उष्णता. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, वर जाताना पुन्हा पूर्ववत होतो. या प्रत्येक दबण्यात थोडी ऊर्जा रबरात उष्णता म्हणून अडकते. वरच्या उदाहरणातल्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर आहे. ताशी १२० किमी वेगाला तो मिनिटाला हजाराहून अधिक वेळा फिरतो. नागपूर ते मुंबई प्रवासात त्याचा प्रत्येक भाग साडेतीन लाखांहून अधिक वेळा दबतो.

हवा कमी असेल, तर साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि उष्णता झपाट्याने वाढते. त्यात पाच माणसे, टपावर सामान, मे महिन्यातला तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि न थांबता तासन् तास एकाच वेगाने ड्रायव्हिंग. आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. थोडक्यात, अक्षर १८० म्हणत असले, तरी कमी हवेचा टायर त्याच्या कितीतरी आधी हार मानू शकतो.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हा सल्ला बरोबर आहे का?

नाही. तापल्यावर टायरमधला दाब वाढतो, हे खरे आहे. पण कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. तो आकडा बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पूर्ण भारासाठी अनेकदा वेगळा आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, निघण्याआधी तपासा. वाटेत गरम टायरमधली हवा सोडू नका.

टायर बदलताना काय पाहावे?

- स्पीड रेटिंग आणि लोड इंडेक्स गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिल्यापेक्षा कमी नको. जास्त चालेल.
- चार टायरांची अक्षरे वेगळी असतील, तर सर्वांत कमी अक्षराचा वेग हीच गाडीची मर्यादा समजा.
- साइडवॉलवरचा चार आकडी उत्पादन कोड पाहा. २३२१ म्हणजे २०२१ मधला २३वा आठवडा. ‘नवा’ टायर किती वर्षे दुकानात पडून होता, ते यावरून कळते.
- खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले, म्हणजे खोली १.६ मिमी उरली. टायर बदला.
- साइडवॉलला फुगा किंवा चीर असेल, तर अक्षर कोणतेही असो, तो टायर महामार्गावर नेऊ नका.
- स्टेपनी छोट्या आकाराची असेल, तर तिच्यावर लिहिलेली मर्यादा पाळा. ती बहुधा ताशी ८० किमी असते.

तपासणी झाली, म्हणजे निश्चिंत?

समृद्धीवर परिवहन विभागाने टायर तपासणीची मोहीम राबवली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्यांना प्रवेश नाकारला. पण डोळ्यांना झीज दिसते, कमी झालेली हवा सहसा दिसत नाही. दोनशे किमीनंतर टायर किती तापेल, हेही टोलनाक्यावर कळत नाही. ते निघण्याआधीच्या पाच मिनिटांत, घराजवळच्या हवा भरण्याच्या मशीनपाशी ठरते.