आरतीचा स्वर आणि श्वासाचे सोवळे

भाद्रपद मास लागला की मंगलमूर्तीच्या आगमनाची चाहूल लागते. गणरायापाठोपाठ वऱ्हाडात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेले मुलगे, लेकी-जावई, नातवंडे, चुलत-मावस आप्त, सारे मूळ घरी जमतात. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावी तर या तीन दिवसांत माजघर माणसांनी भरून जाते. परंतु हेच दिवस पावसाचे असतात आणि महाराष्ट्रात फ्लूच्या तापाचा जोरही बहुधा पावसाळ्यातच वाढतो. २००९ साली ३ ऑगस्ट रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला आणि अवघ्या वीस दिवसांनी, २३ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. म्हणून सणाच्या तयारीतच या विषयाचा थोडा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

श्वसनाचे रोग पसरविणारे विषाणू एका देहातून दुसऱ्या देहात जातात तरी कसे? रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा त्याच्या मुखातून असंख्य तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे तुषार हात-दोन हातांच्या अंतरात खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र हवेतच तरंगत राहतात. देवघरात उदबत्ती लावावी आणि दार-खिडकी मिटून घ्यावी, म्हणजे धूर कसा कोंडून राहतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. खिडकी उघडली की तोच धूर क्षणात विरतो. रुग्णाच्या श्वासाचेही तसेच आहे. भेद इतकाच की, तो धूर डोळ्यांस दिसत नाही आणि त्यास गंधही नसतो. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.

आपल्या आचारधर्मात स्पर्शाच्या शुद्धीचा विचार फार बारकाईने झाला आहे. हातपाय धुऊन देवघरात जावे, सोवळ्याने नैवेद्य रांधावा, हे नियम आजही हितकारकच आहेत. परंतु श्वास सोवळे-ओवळे जाणत नाही. २०२० सालच्या प्रारंभी कोरोनाच्या साथीत साऱ्या जगाने हात धुण्यावरच भर दिला होता. हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व सर्वमान्य होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

याचे एक उदाहरण आमच्या भजनी मंडळांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यातील एक गायकवृंद सरावासाठी जमला होता. उपस्थित ६१ जण होते. त्यांतील एकास सर्दी-पडशासारखी लक्षणे होती. सुमारे अडीच तास बंद सभागृहात समूहगायन चालले. पुढे त्या रुग्णासह ५३ जण आजारी पडले. त्यांपैकी ३३ जणांचे निदान तपासणीने पक्के झाले, तर उरलेल्या २० जणांस तोच रोग असल्याचा दाट संभव ठरला. दोघे दगावले. गाणे हे काही पाप नव्हे. परंतु उंच स्वरात म्हणताना मुखावाटे बाहेर पडणारे कण शांतपणे बोलताना पडणाऱ्या कणांपेक्षा पुष्कळच अधिक असतात.

यावरून धोक्याची उतरंड सहज लावता येते. रस्त्याने मिरवणूक जात असता कोणी क्षणभर जवळून गेला, तर धोका थोडा. चहूंबाजूंनी मोकळ्या मंडपात लवकर दर्शन घेऊन परतल्यास तोही बेताचाच. पावसामुळे ताडपत्री लावून कोंदट केलेला मंडप, खिडक्या बंद केलेली एस.टी., लहानशा गाभाऱ्यात दाटीने उभे राहून म्हटलेली आरती, यांत तो वाढत जातो. तापाचा रुग्ण असलेल्या मिटल्या खोलीत रात्रभर जागरण करणे किंवा त्याच्याच शेजारी निजणे, हे सर्वांत घातक होय. सारांश, हवा किती खेळती, अंतर किती, वेळ किती आणि स्वर किती, ही चार मापे पाहावीत.

येथे भाविकांच्या मनी शंका येईल की, ताप आला म्हणून आरतीस न जाणे हा देवाचा अनादर नव्हे काय? याचे उत्तर साखरखेर्ड्याच्या मातीतच आहे. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांची नामपरंपरा जालन्याच्या रामानंद महाराजांकडून प्रल्हाद महाराज रामदासी यांच्याद्वारे या गावी रुजली. नामजपाचे तीन प्रकार शास्त्रकारांनी सांगितले आहेत: मोठ्याने म्हणावयाचा वाचिक, केवळ ओठ हलवून करावयाचा उपांशु आणि मनातल्या मनातील मानस. यांत उत्तरोत्तर श्रेष्ठता मानली आहे, आणि मानस जप सर्वश्रेष्ठ. आजाऱ्याने अंथरुणावर मानस जप करावा. त्याची सेवा उणी पडत नाही. २०२० साली पालख्यांची पायी वारी झाली नाही; ३० जून रोजी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. लक्षावधी वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले आणि भक्तीची परंपरा अखंड राहिली.

एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. फ्लूचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच इतरांकडे जाऊ लागतो. म्हणून घरात कोणी आजारी नाही, एवढ्याने निश्चिंत राहू नये. महालक्ष्म्यांच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पंगत शक्यतो ओसरीवर किंवा अंगणात मांडवाखाली बसवावी. ज्यास घसा खवखवण्याची कणकण जाणवेल, त्याने तोंडास मास्क लावावा आणि वेगळ्या खोलीत निजावे. आजी-आजोबा, गर्भवती सुना, तान्ही बाळे, मधुमेही व दमेकरी यांना या रोगांपासून अधिक अपाय संभवतो. त्यांच्यासाठी फ्लूची लस दरवर्षी घेण्याविषयी सण येण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

महालक्ष्म्या माहेरी येतात त्या घराचे सुख पाहावयास. त्या परत निघताना घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान असे दोघेही निरामय असावेत, याहून मोठा नैवेद्य तो कोणता? विघ्नहर्ता गणराय सर्व वाचकांच्या घरी आरोग्य नांदवो, हीच आमची प्रार्थना.