परवलीचा शब्द आणि सामाईक सर्व्हर

लातूरच्या मोंढ्यांत तूर-सोयाबीनची अडत आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यांत तिचीच शाखा, अशी एक पेढी कल्पावी. दोन्हीकडचे हिशेब एकाच सर्व्हरवर राहतात. मात्र तो सर्व्हर पेढीचा नव्हे. एका कंपनीनें तो अनेक व्यापाऱ्यांस मिळून भाड्यानें दिलेला असतो. चाळ एक, बिऱ्हाडें अनेक, तसाच हा प्रकार. या पेढीनें सुरक्षेची तपासणी करविली आणि अहवालांत एक ओळ आली : 'परवलीच्या शब्दाची पडताळणी कमकुवत.' नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यांतून जानेवारी २०२१ मध्यें साडेचौदा कोटींच्या आसपास रक्कम परस्पर वळविली गेली होती. तें प्रकरण निराळें. पण तें ज्याला आठवतें त्या मालकाच्या पोटांत गोळा उठणें साहजिक आहे. मग तो सरळ मुनिमास बोलावतो : "अहो, तुम्हीच सोपा पासवर्ड ठेवला असेल!" आणि वीस वर्षांची नोकरी एका ओळीवर टांगली जाते.

वस्तुतः त्या ओळींत मुनिमाचें नांव नसतेंच. तपासणीचें यंत्र माणसें पाहत नाहीं. तें एका आयपी पत्त्यावरील दारें ठोठावतें. सामाईक सर्व्हरवर सर्व बिऱ्हाडांचा पत्ता बहुधा एकच असतो. सांपडलेलें दार शेजाऱ्याचें असेल, खुद्द कंपनीचेंहि असेल. म्हणून प्रथम तपासनिसास त्या दाराचा, म्हणजे पोर्टाचा, क्रमांक आणि तपासणीची वेळ विचारावी. क्रमांक २१ निघाला तर ती फाइली नेण्या-आणण्याची जुनी एफटीपी पद्धत होय. तिच्या मूळ रूपांत पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. तो कितीहि अवघड असला तरी वाटेंत वाचतां येतो. ३३०६ निघाला तर तेथें बहुधा मायएस्क्यूएलचें माहितीभांडार असतें, आणि तें साऱ्या जगाला खुलें ठेवणें हा कांहीं मुनिमाचा उद्योग नव्हे.

तपासनीस शब्द ओळखून खरोखर आंत शिरला, कीं कितीहि वेळां चुकलें तरी दार अडवीत नाहीं एवढेंच त्यानें पाहिलें, हेंहि विचारावें. दोहोंत फार अंतर आहे.

सोपा शब्द ठेवणें हा मनुष्यस्वभावच. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत ३,२८९ पासवर्डांची पाहणी आहे; त्यांपैकीं २,८३१ आंखूड वा सहज हुडकतां येण्याजोगे निघाले. १५ जणांनीं तर एकच अक्षर ठेवलें होतें! त्या दोघांचा भर पडताळणीचा प्रोग्रामच सुधारण्यावर होता, हें मालकांनीं ध्यानांत घ्यावें.

यानंतर प्रवेशाच्या नोंदी. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणें अशा नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. तेव्हां त्या कंपनीकडे मागाव्या. चुकलेल्या प्रयत्नांची रांग आणि तिच्या शेवटीं एक यशस्वी प्रवेश दिसला, तर प्रकरण गंभीर. पण येथेंच पुष्कळदां खरी अडचण उभी राहते. लातूर व नांदेड दोन्हीकडची माणसें 'हिशेब' या एकाच नांवानें आंत येत असतील, तर नोंदींत केवळ 'हिशेब' आला एवढेंच उमटतें. कोण आला हें निश्चित सांगतां येत नाहीं. ती व्यवस्था बहुधा मालकानेंच सोयीसाठीं केलेली असते.

प्रत्येकास स्वतंत्र नांव द्यावें, २१ क्रमांकाचें दार कंपनीकडून बंद करवावें, आणि तपासनिसास तेंच दार पुन्हा ठोठावावयास सांगावें.