कवितेसोबत कवीचं नावही पाठवा

गोदावरीला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की नाशिककरांच्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक मारुतीचा फोटो, दुसरी कुसुमाग्रजांची ‘कणा’. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे त्या कवितेतला गंगेचा पूर आपल्याला आपल्याच घाटावरचा वाटतो. पण अनेकदा कडव्यांमधली मोकळी जागा गेलेली असते, दोन ओळींची एक झालेली असते आणि खाली कवीचं नाव नसतं. 27 फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी, उलटा प्रकार घडतो. त्यांनी कधीच न लिहिलेल्या ओळी त्यांच्या फोटोखाली फिरू लागतात. ज्या गावात कुसुमाग्रज, म्हणजे आपले तात्यासाहेब, आयुष्याचा मोठा काळ राहिले, तिथून तरी हे व्हायला नको.

भारतीय कॉपीराइट कायदा 1957चा आहे. त्यानुसार कवीच्या निधनानंतर 60 वर्षं कवितेवर हक्क राहतो. तात्यासाहेब 1999 साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क 2059 अखेरपर्यंत आहे. याच कायद्याचं कलम 57 मला अधिक मोलाचं वाटतं. कवीने हक्क विकून टाकले, तरी कविता आपली आहे असं सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

नव्या कवींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कविता फेसबुकवर सर्वांसाठी टाकली, की कायद्याच्या दृष्टीने ती प्रसिद्ध झाली. दिवाळी अंक ‘अप्रकाशित साहित्य’ मागतात, तेव्हा तिथे पाठवायच्या कविता आधी भिंतीवर टाकू नयेत.

कविता बिघडते ती बहुतेकदा नकळत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरं हलतात. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्‍यावर’ किंवा थेट ‘वार्यावर’ होतं आणि वाचणारा अडखळतो. मुक्तछंदातली लांब ओळ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मध्येच मोडते आणि कवीने ठरवलेला श्वास चुकतो. म्हणून मजकुराबरोबर छापील पानाचा फोटोही जोडावा, संग्रहाचं नाव लिहावं. ‘विशाखा’तली असेल तर ‘विशाखा, 1942’ एवढं पुरे. तो संग्रह वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन, प्रस्तावना लिहून काढला. एका लेखकाने दुसऱ्याची कविता लोकांपर्यंत पोहोचवावी ती अशी, कवीला पुढे करून.

कविता प्रसिद्ध करण्याची किंमत या गावाने मोजली आहे. देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल 1909 साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, त्यांना अंदमानला पाठवलं गेलं. त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, त्यामागे या शिक्षेचा संताप होता. आज फॉरवर्ड करायला एक बोट पुरतं, पण प्रसिद्ध करणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

त्याच काळातले नाशिकचे स्वातंत्र्यकवी गोविंद 1926 साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांवर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही. जुनी प्रत समोर ठेवून त्या युनिकोडमध्ये टंकायच्या, कडवी जशीच्या तशी ठेवायची आणि मराठी विकिस्रोतावर चढवायच्या, हे काम कॉलेजच्या मराठी विभागातली मुलं एका सत्रात करू शकतील.