निःशब्द जोडणीची परीक्षा

जयपूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर चौमूं हे गाव आहे. तेथील बाजारात भुईमुगाची पोती तोलली जात आहेत आणि काट्याला जोडलेला संगणक प्रत्येक पोत्याचे वजन जयपूर येथील दुसऱ्या संगणकाकडे धाडीत आहे, अशी कल्पना करावी. वजने एकामागून एक जातात. जयपूरचा संगणक मध्ये काहीच बोलत नाही. शेवटचे पोते झाल्याची सूचना मिळाल्यावरच तो एकंदर बेरीज परत पाठवितो, व तिच्यावरून शेतकऱ्याचा हिशेब होतो.

एका संगणकाने दुसऱ्याकडून असे काम करवून घेण्यास ‘दूरस्थ कार्य-आवाहन’ म्हणता येईल. विनंती करणाऱ्याने संदेशांची अखंड धारा सोडावी व उत्तर मात्र शेवटी एकच यावे, असा त्याचा हा प्रकार होय. यातील अडचण उघड आहे. साठाव्या पोत्यानंतर जोडणी तुटली, तर चौमूंला ते कसे कळावे? जयपूरचे मौन तर आरंभापासूनच आहे.

संदेश ‘गेला’ अशी खूण धाडणाऱ्याला मिळते खरी. पण तो स्वतःच्याच यंत्राच्या साठवणीत ठेवला गेला, एवढाच तिचा अर्थ. पत्र टपालपेटीत टाकले म्हणजे ते पोहोचले असे नव्हे. पुढे वाहून नेणारी टीसीपी ही व्यवस्था पोच न आल्यास तोच मजकूर पुन्हा पुन्हा धाडते. लिनक्स प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत हा खटाटोप सुमारे १५ मिनिटे चालतो, आणि मगच हार मानली जाते. तेवढ्या वेळात किती पोती तोलून होतील! धाडण्यासारखे काहीच नसेल, तर स्थिती याहून वाईट. टीसीपीची स्वतःची विचारपूस, ती चालू केलेली असली तरी, सामान्यतः २ तासांच्या शांततेनंतर सुरू होते.

उपाय जुनाच आहे. अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील योजनेत, उत्तराची वाट पाहणारा संगणक मधूनमधून चाचणीचा संदेश धाडी व त्याची पोच मागे. गूगलने २०१५ साली खुल्या केलेल्या जीआरपीसी या साधनातही तशी सोय आहे. ‘पिंग’ या चाचणीला साधारणतः २० सेकंदांत उत्तर न आल्यास जोडणी मृत समजली जाते. मात्र ही सोय धाडणाऱ्याने मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय ती बेतानेच वापरावयाची असते. वेगळी सूचना नसल्यास, ५ मिनिटांहून कमी अंतराने वारंवार विचारणाऱ्याची जोडणी समोरचा संगणक स्वतःच तोडून टाकतो. दोन्ही बाजूंचे आकडे जुळविले नाहीत, तर औषधच रोग होते.

पिंगला उत्तर आले, तरी जोडणी शाबूत आहे इतकेच ठरते. बेरीज करणारा कार्यक्रम अडकून पडलेला असू शकेल. म्हणून संपूर्ण कामालाही मुदत घालावी लागते.

जोडणी तुटल्याचे कळले, तरी कितवे पोते जयपूरच्या वहीत चढले हे त्यावरून कळत नाही. सर्व वजने पुन्हा धाडावीत, तर काही दोनदा मोजली जातील. न धाडावीत, तर काही बुडतील. यासाठी प्रत्येक पोत्याला क्रमांक देतात, आणि एकदा नोंदलेला क्रमांक पुन्हा आल्यास जयपूरचा संगणक तो गाळतो. मग चौमूंने पहिल्या पोत्यापासून सारी धारा पुन्हा सोडली, तरी बेरीज तीच येते.